खारवण्याचा गोफ आणि दोन पृथ्व्या

"मॅडम, तुमच्या यंत्राला आमचा गोफ दाखवला, तर ते आम्हाला पास करेल की नापास?"

झालं, विचारून झालं! खारवणे हायस्कूलच्या सभागृहात दहावीच्या मुली आधी फिस्सकन आणि मग खदाखदा हसल्या. राणे सरांनी कपाळाला हात लावला. ओवी खोबरेकर मात्र उभीच राहिली. पैज होती बाबा! फिलू फर्नांडिसने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंना हा प्रश्न विचारून दाखव, आठवडाभर माझ्या डब्यातली सांदणं तुझी." गेल्या वर्षीची ओवी असती तर बाकाखाली लपली असती. या वर्षीची ओवी गोफाच्या संघाची म्होरकी होती, आणि सांदणं तिला फार आवडायची.

मंचावर पुण्याच्या ग्रहवेध संस्थेतल्या डॉ. सुनेत्रा इनामदार होत्या. त्या अर्धा तास 'चाळण' नावाच्या यंत्राबद्दल बोलत होत्या. साल २०४४. संस्थेची अंतराळ दुर्बीण दर आठवड्याला शेकडो नव्या ग्रहमाला पकडायची. कुठल्या ताऱ्याचा उजेड ठरावीक दिवसांनी किंचित मंदावला, की समजायचं, समोरून ग्रह गेला. पण सगळ्यांकडे बघत बसायला दुर्बिणीला वेळ कुठला? सजीव घडायला कोट्यवधी वर्षं लागतात. तेवढा काळ ग्रह आपल्या वाटेवर टिकला पाहिजे. ताऱ्याजवळ सरकला तर भाजणार, लांब गेला तर गोठणार. म्हणून चाळण प्रत्येक ग्रहमाला संगणकात पुढे पळवून बघायची. एखाद्या ग्रहाचं ताऱ्यापासूनचं अंतर एका टक्क्याहून जास्त हललं, की शिक्का बसायचा: अस्थिर. यंत्र तिथेच थांबायचं आणि पुढची ग्रहमाला घ्यायचं.

"गोफ म्हणजे दोऱ्या विणत नाचतात, तोच ना?" इनामदार मॅडमनी विचारलं.

"हो, पण आमचा वेगळा आहे. आठ मुली, आठ दोऱ्या, आतलं रिंगण आणि बाहेरचं रिंगण. बाकी गावांत मुली एकमेकींना ओलांडून जातात. आमच्याकडे परतीची चाल असते. दोघी समोरासमोर आल्या की ओलांडायचंच नाही. आतली बाहेर येते, बाहेरची आत जाते आणि दोघी आल्या वाटेने उलट फिरतात. मग अख्खं रिंगण फिरून पलीकडच्या अंगाला पुन्हा समोरासमोर."

मॅडम हसल्या. "मग नापास! पहिल्याच गाठीला वाट बदललीत, चाळण लगेच शिक्का मारणार."

पुन्हा हशा. फिलूने खालून ओवीचा स्कर्ट ओढला, "बस आता, जिंकलीस." ओवी बसली. आणि तिचं तिलाच कळलं नाही, पण ती परत उभी राहिली.

"पण मॅडम, आमचा गोफ कधी गुंतत नाही. माझ्या पणजीपासून नाही."

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

"म्हणजे टाकलेल्या ग्रहांत कोणी असा गोफ घालत असेल, तर तुमच्या यंत्राला कसं कळणार? ते तर पहिल्याच गाठीला निघून जातं."

"नाही कळणार," मॅडम सावकाश म्हणाल्या. "शनीचे दोन छोटे चंद्र अगदी असंच करतात. दर चार वर्षांनी वाटा बदलतात. पण पृथ्वीएवढ्या ग्रहांची अशी जोडी कोणालाच सापडलेली नाही, म्हणून नियम करताना आम्ही तिकडे लक्षच दिलं नाही." मग त्या राणे सरांकडे वळल्या. "सर, टाकलेल्या ग्रहमाला आम्ही शाळांना सरावासाठी देतो. तुमच्याकडे किती आहेत?"

"चार हजारांच्या वर असतील," सर म्हणाले. "कोण उघडून बघतंय!"

"ही बघेल," मॅडम म्हणाल्या.

*

आणि ओवीने खरंच बघितलं! रोज शाळा सुटल्यावर पाच वाजेपर्यंत ती संगणकाच्या खोलीत, शेजारी जुई परब. जुई म्हणजे गोफात तिच्या समोर येणारी, पहिलीपासूनची मैत्रीण आणि गणितात ओवीच्या चार पावलं पुढे. जुईनेच डोकं लढवलं. "चार हजार कशाला चाळतेस? एकाच वाटेवरच्या दोघी शोधायच्यात ना? मग ज्यांत दोन ग्रहांचं वर्ष जवळजवळ सारखं आहे, तेवढ्याच काढ."

चार हजारांच्या सव्वीस झाल्या. नियमातली ती 'थांब' म्हणणारी ओळ राणे सरांनी काढून दिली आणि एकेक ग्रहमाला पुढे पळू लागली. पहिल्या ग्रहमालेत टक्कर झाली. दुसरीतला एक ग्रह ताऱ्यात पडला. तिसरीत पुन्हा टक्कर. चौथीतला एक इतका लांब फेकला गेला की पडद्याबाहेर गेला, आणि फिलू दारातून ओरडली, "गेला गोव्याला!" असं करत एकोणीस झाल्या.

विसावी, क्रमांक तीन हजार सतरा. सूर्यापेक्षा जरासा लहान तारा. दोन ग्रह, दोन्ही पृथ्वीएवढे, दोन्ही अशा अंतरावर की पाणी पाणीच राहावं. आतल्याचं वर्ष तीनशे दिवसांचं, बाहेरच्याचं तीनशे पाच. आतला हळूहळू मागून गाठायला आला. जवळ, अजून जवळ...

"आता धडकणार," जुईने डोळे मिटले.

धडकले नाहीत. आतला बाहेर सरकला, बाहेरचा आत आला, आणि दोघं एकमेकांपासून लांब जाऊ लागले.

"जुई! जुई, डोळे उघड! परतीची चाल!"

ओवीने खुर्चीवरून मारलेली उडी खालच्या वर्गाला ऐकू गेली. राणे सर धावत आले, काय फुटलं बघायला.

आता यात गंमत अशी, की हे सगळं उलटं वाटतं. मागचा ग्रह पुढच्याच्या जवळ आला की पुढचा त्याला ओढतो. ओढल्यावर तो आणखी जोरात जाऊन आपटायला हवा ना? पण तो ताऱ्याला बांधलेला आहे. पुढे ओढला गेला की त्याला जास्तीची ताकद मिळते, त्या ताकदीने तो बाहेरच्या, लांबच्या वाटेवर जातो, आणि बाहेरची वाट संथ. म्हणजे पुढे ओढलेला मागे पडतो! आणि ज्याला मागच्याने मागे खेचलं, त्याची ताकद कमी होते, तो आतल्या वाटेवर उतरतो. आतली वाट आखूड आणि वेगाची, म्हणून तो सुसाट पुढे निघून जातो. ओढाताण जितकी, तितकं अंतर वाढतं. टक्कर व्हायचीच नाही.

"म्हणजे बघ," ओवी घरी जाताना सायकल हातात धरून बडबडत होती, "पंचावन्न वर्षं एक बहीण आत, मग वाटा बदलायच्या. तिथली मुलगी जन्मते तेव्हा वर्ष तीनशे दिवसांचं, म्हातारी होते तेव्हा तीनशे पाच दिवसांचं. आणि आयुष्यात एकदा, एकदाच, दुसरी पृथ्वी जवळ येते. आपल्या शुक्रापेक्षा कितीतरी मोठा निळा मणी दिसत असेल आकाशात. सगळं गाव अंगणात येत असेल बघायला."

"तिथे गाव आहे हे कोणी सांगितलं तुला?"

"नाही कोणी. पण बघितल्याशिवाय कसं कळणार?"

हीच तर मेख होती. बघायचं तर ती जोडी दुर्बिणीच्या यादीत जायला हवी. संगणकाने दोन दिवस घरघर करून एक कोटी वर्षं पुढे पळवली, जोडी टिकली. इनामदार मॅडमनी पुण्यात मोठ्या यंत्रावर शंभर कोटी पळवली, तरी टिकली. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या शाळकरी मुलीसारखा वर चढला होता. "ओवी, शनिवारी चार वाजता यादी ठरवणारी समिती बसतेय. तुला बोलायचंय. या वेळी नाव लागलं नाही तर पुढची यादी सात वर्षांनी."

ओवी "हो" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला आठवलं. शनिवारी चार वाजता तालुक्याला गोफाची स्पर्धा होती.

*

"जा तू," जुई म्हणाली. हे 'जा तू' म्हणजे काय, ते ओवीला दहा वर्षांच्या मैत्रीमुळे बरोबर कळत होतं.

"अगं, पण..."

"पण काय? आम्ही सात जणी काय दोऱ्या चावत बसू? गोफ आठांचा असतो. चार हजारांतून सव्वीस काढायची अक्कल माझी होती आणि समितीसमोर ओवी खोबरेकर."

"तूच बोल मग. मी गोफात उभी राहते."

"आणि माझ्या समोर कोण येणार, राणे सर?"

दोघींना राणे सर नऊवारीत दिसले आणि भांडण तिथेच फसलं. पण प्रश्न काही सुटला नाही.

घरी वेगळीच तयारी चालली होती. आई जेट्टीवरच्या मासळीच्या शीतगृहातून यंत्रांची तपासणी आटपून आली होती आणि नवी गादी उन्हात टाकत होती. जूनमध्ये ओवीने कोल्हापूरला आत्याकडे जायचं, मेडिकलच्या क्लासला. हे वर्षापूर्वीच ठरलं होतं. ओवीच "हो" म्हणाली होती. तेव्हा ती सगळ्यालाच "हो" म्हणायची.

बाबा ओट्यावर बसून गोफाच्या दोऱ्यांना मेण लावत होते. ते बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, पण खारवण्याचा गोफ त्यांच्या हातात होता. त्यांच्या गोफात एक माणूस वर आढ्यावर बसतो, आठ दोऱ्यांची गाठ सांभाळायला, आणि गेली वीस वर्षं तो माणूस म्हणजे बाबा. वरून ते एकच वाक्य ओरडायचे. नव्या मुली समोरची जवळ आली की घाबरून दोरी खेचतात, तीच नेमकी चूक. खेचली की गुंता.

"दोरी ताणू नको गो," बाबा आत्ताही पुटपुटले, ओवीचं तोंड बघून. "काय झाला?"

ओवीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "बाबा! तुम्ही वरून आम्हाला बघता तेव्हा काय दिसतं?"

"आठ टाळकी. दुसरा काय दिसतला?"

"रिंगण दिसतं ना पूर्ण? वाट कोणी बदलली, कोण परत फिरली, सगळं?"

"मगे? वरसूनच तर समजता."

"बाबा, शनिवारी वर जाताना फोन घेऊन जायचा!"

बाबांनी मेणाचा गोळा खाली ठेवला. "माका काय्येक समजूक नाय. फोन खंय धरूचो, तां सांग."

*

शनिवारी चार वाजून दोन मिनिटं. तालुक्याच्या सभागृहात पडद्यामागे आठ मुली, नऊवारी, गजरे, हातात दोऱ्या. सात मिनिटांचा वेळ, सातव्या मिनिटाला घंटा, त्यापुढे एक सेकंद गेला तरी बाद. ओवीच्या कानात इअरफोन आणि त्यात पुण्याच्या समितीचा आवाज होता. तिने हिरव्या पदराची गाठ बांधली होती, जुईने निळ्या. बाकी सगळ्या पांढऱ्या.

समितीचे अध्यक्ष हेरवाडकर सर कोरड्या आवाजाचे. "मिस खोबरेकर, आकडे मी तपासले आहेत. आकड्यांबद्दल तक्रार नाही. पण आमचं यंत्र पंधरा वर्षं चालतंय. ते का चुकलं, हे मला साध्या शब्दांत कळलं पाहिजे. नाहीतर मला प्रत्येक नकारावर शंका घ्यावी लागेल."

"घ्या की सर, शंका," ओवी म्हणाली आणि स्वतःच दचकली. इनामदार मॅडम पलीकडे खोकल्या. "म्हणजे... शब्दांत नको, दाखवते. आमचे बाबा वर आहेत, त्यांच्या फोनमधून बघा. हिरवा आणि निळा पदर, एवढंच बघा. आम्ही नाचतोय तो फक्त दोन ग्रहांच्या वेगातला फरक. दोन्ही ग्रह मिळून ताऱ्याभोवती फिरताहेत, ते तुम्ही मनात धरा."

पडदा उघडला. ढोलकी कडाडली.

पहिला फेर. हिरवी आत, निळी बाहेर. समोरासमोर येईपर्यंत सभागृहात टाळ्यांचा ताल चढत गेला. दोघींमध्ये चार हात राहिले, तीन, आणि हिरवी बाहेर झाली, निळी आत. गिरकी घेऊन दोघी उलट पावली फिरल्या.

"इथे तुमचं यंत्र उठून घरी गेलं, सर!" ओवी नाचता नाचता बोलली. धाप लागत होती, पण ती हसत होती. "आता पुढे बघा!"

रिंगणाच्या पलीकडे पुन्हा गाठ, पुन्हा बदल. हिरवी परत आत, निळी परत बाहेर. वरून बाबांचा आवाज आला, सवयीने, "ताणू नको गोऽऽ!" आणि तो थेट पुण्याला ऐकू गेला.

 मग कानात हेरवाडकर बोलले. "हे तुम्ही दोनदा केलंत. दोनदा म्हणजे नशीब असू शकतं. विणलेला गोफ पूर्ण सुटतो का? शेवटपर्यंत सुटतो का?"

ओवीने समोरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा मिनिटं दहा सेकंद झाले होते. विणीवर संपवायचं ठरलं होतं, पंधरा सेकंदांची सलामी. पूर्ण सोडायचा तर दीड मिनिट. म्हणजे बाद.

ती एकटीने ठरवूच शकत नव्हती. दोऱ्या आठ होत्या. तिने जुईकडे बघितलं आणि ओठांनी नुसतं म्हटलं, "सोडूया?"

जुईने डोळे फिरवले. अगदी ठेवणीतले, 'तुझं ना, काही खरं नाही' म्हणणारे. मग तिनेच आरोळी ठोकली, "परतीची चाऽऽल!"

आठही जणी उलट फिरल्या. पीळ उलगडू लागला. घंटा वाजली. कोणी थांबलं नाही. परीक्षक उभे राहून हात हलवत होते, ढोलकीवाल्या काकांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा मुलींकडे बघितलं आणि ठेका वाढवला. फिलू जोरात ओरडली, "बाद तर बाद, नाचा!" प्रेक्षक उठून उभे. शेवटची गाठ, शेवटचा बदल, आणि आठ दोऱ्या सरळ, मोकळ्या, आढ्यापासून हातापर्यंत.

कानात कोणीतरी दीर्घ श्वास सोडला.

"तर आमचं यंत्र," हेरवाडकर म्हणाले, आणि तो कोरडा आवाज आता तितका कोरडा नव्हता, "पहिल्या गाठीला उठून घरी गेलं. बरोबर. तीन हजार सतरा यादीत घ्या. आणि सुनेत्रा, टाकलेल्या सगळ्या पुन्हा काढा."

ओवीने जी किंकाळी मारली, ती प्रेक्षकांना गोफाचाच भाग वाटली.

*

निकाल लागला. खारवणे हायस्कूल: वेळ ओलांडल्यामुळे बाद. फिलूने सगळ्यांना आपल्या डब्यातली सांदणं वाटली आणि म्हणाली, "पैज मी लावली म्हणून हे सगळं झालं. शोधात माझं नाव लावा." जुई म्हणाली, "आधी माझं." ओवी म्हणाली, "आठांचं लागणार, मी मॅडमना सांगितलंय," आणि जुईने तिचा गजरा मुद्दाम विस्कटला. म्हणजे मिटलं.

सभागृह रिकामं झालं. बाबा आढ्यावरून उतरून दोऱ्या गुंडाळत होते. आई कामावरून थेट आली होती, पायात अजून शीतगृहाचे बूट होते. मागे उभी राहून तिने सगळं बघितलं होतं.

"बाद झालात, आणि नाचताय काय," आई म्हणाली, पण तिचे डोळे भरलेले होते. "कोल्हापूरच्या क्लासात हे सांग हां, मुलाखतीत विचारतील."

ओवीने दोरीचं दुसरं टोक उचललं. छातीत ढोलकी अजून वाजत होती. कालची ओवी असती तर म्हणाली असती, उद्या सांगू. पण आज ती स्पर्धेतून बाद झाली होती, आणि तरी आजच्याइतकी ती कधीच जिंकली नव्हती.

"आई, बाबा, मी कोल्हापूरला जाणार नाही. मेडिकल नाही करायचं मला. अकरावीला मी इथेच गणित घेणार, जुईबरोबर, आणि त्या टाकलेल्या चार हजारांना पुन्हा पळवणार. नंतर पुण्याला, मॅडमकडे, ग्रहांच्या वाटांचाच अभ्यास करायला. ठरलंय माझं."

ओवीचा विस्कटलेला गजरा नीट करणारा आईचा हात थांबला. "आणि तू हो म्हटलंस, त्याचं काय? आत्याला काय सांगू?"

"तेव्हा एकच वाट माहीत होती गं."

बाबांनी नकळत दोरी स्वतःकडे खेचली. ओवीच्या हातातलं टोक ताणलं गेलं. तिने ते ना खेचलं, ना सोडलं. नुसतं बघत राहिली त्यांच्याकडे, हसत. बाबांनी आपल्या मुठीकडे बघितलं, आणि वीस वर्षं वरून ओरडणारा माणूस स्वतःशीच ओशाळून हसला. दोरी पुन्हा झुलती झाली.

"वाट बदलतेय मी, बाबा," ओवी म्हणाली. "लगेच नापासाचा शिक्का मारू नका. पहिल्या गाठीला उठून जायचं नसतं. अख्खं रिंगण फिरून येते, तोवर बघत राहा."